गॅस संपलाय, मॅडम!

आमची गाडी २०१० सालची. छोटी हॅचबॅक, पेट्रोल, एमएच-१५ म्हणजे नाशिक पासिंग, काटा ९४ हजारांवर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. २०२५च्या नोव्हेंबरात तिला पंधरा वर्षं होणार होती. म्हणजे आरसीचं (नोंदणीपत्राचं) नूतनीकरण आलं: तेव्हा पाच हजार फी, वर पर्यावरण कर, आणि तपासणीसाठी पेठ रोडच्या आरटीओत चकरा. अशा गाडीच्या बिघडलेल्या एसीत पैसे घालायचे की नाही, हा प्रश्न घरात निघालाच. पण अण्णांना डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार फिजिओथेरपी सुरू आहे. माझी शाळा सकाळची. ती सुटली की इंदिरानगरहून त्यांना घेऊन गंगापूर रोडला जायचं, तेही दुपारी बाराच्या उन्हात. अण्णांना घाम आला की उजव्या हाताने पुसता येत नाही. त्यामुळे तो प्रश्न फार वेळ चर्चेत राहिला नाही.

२३ मार्च, रविवार. सिन्नरहून परत येताना पहिल्यांदा जाणवलं. हायवेवर ठीक होतं, पण द्वारका चौकात अडकलो आणि झडपेतून कोमट वारा यायला लागला. घरी पोचेपर्यंत तोही गरम. मी स्वतःची समजूत घातली की ऊनच फार आहे.

दोन दिवसांनी स्वतःच करून पाहण्यासारखं एक काम केलं. ग्लोव्ह बॉक्स काढला, मागचा केबिन फिल्टर ओढून बाहेर घेतला. त्यात कडुनिंबाची वाळकी पानं, धूळ, आणि एका पाकोळीचे अवशेष. नवा फिल्टर २८० रुपये, दहा मिनिटांचं काम, एक स्क्रूही नाही. वाऱ्याचा जोर वाढला, पण वारा गरमच. आता निदान गरम वारा जोरात येत होता.

गुरुवारी २७ तारखेला शाळेतून येताना रस्त्यावरच्या एका एसीवाल्याकडे थांबले. त्याने बॉनेट उघडलं, एका नळीला हात लावला आणि म्हणाला, "गॅस संपलाय, मॅडम." पंचवीस मिनिटांत गॅस भरला, १६०० रुपये घेतले. बिल नाही. मी मागितलंही नाही. लीकेज आहे का, असं विचारलं तेव्हा "जुनी गाडी आहे, थोडा थोडा जातोच" हे उत्तर मिळालं आणि मला ते पटलं.

हे लिहायला लाज वाटते, कारण मी सातवीला विज्ञान शिकवते. बाष्पीभवनाने थंडावा कसा येतो, हे दरवर्षी माठ दाखवून समजावते. गाडीचा एसीही तेच करतो, फक्त त्यातलं द्रव्य बाहेर जात नाही. आर-१३४ए नावाचं द्रव्य उणे २६ अंशांनाच उकळतं. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये ते उकळतं तेव्हा आतल्या हवेची उष्णता ओढून घेतं. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बंपरमागच्या कंडेन्सरमध्ये ते उष्णता सोडून पुन्हा द्रव होतं, आणि फिरत राहतं. बंद नळ्यांमधून तेच ते. पेट्रोलसारखं जळून संपायला ते इंधन नाही. इतकं माहीत असूनही दुकानात मी पाकीट काढलं.

पाडव्याला एसी झकास चालला. ५ एप्रिलला, म्हणजे बरोब्बर नवव्या दिवशी, पुन्हा गरम.

आता मात्र ठरवलं, चांगल्या ठिकाणी जायचं. सोमवारी ७ तारखेला एका मोठ्या, काचेच्या केबिनच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे पहिला प्रश्न, "साहेब नाही आले का?" आमच्याकडे गाडीचं बघणारे 'साहेब' मीच आहे, असं सांगितलं. तपासणीचे ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०, आधी भरले. तासाभराने एस्टिमेट हातात आलं. नवा कॉम्प्रेसर १४,५००, कूलिंग कॉइल ४,८००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये शिरण्याआधी द्रव्याचा दाब उतरवणारा भाग) ९००. सुट्या भागांवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता. मजुरी ३,५०० आणि तिच्यावर १८ टक्के. एकूण २९,९८६ रुपये. गॅस वेगळा.

मी विचारलं, "लीकेज नेमकं कुठे आहे?"

"कॉइलच असते मॅडम, या मॉडेलमध्ये."

"तुम्ही पाहिलंत का?"

"डॅशबोर्ड खोलल्याशिवाय दिसत नाही."

हे खरं आहे, कॉइल दिसत नाही. पण ज्याच्यासाठी तीस हजार मागताहात ते कुठून गळतंय, हे कोणीच पाहिलं नव्हतं. शिवाय डॅशबोर्ड एकदा खोलला की नंतर जन्मभर कुठून ना कुठून खडखड येते, हे अण्णांचं ठाम मत. एस्टिमेट लेखी घेतलं ते मात्र बरं झालं. तोंडी आकडा ऐकला की माणूस गडबडतो. कागद घरी आणून शांतपणे एकेक ओळ वाचता येते. त्या रात्री मी वापरलेल्या गाड्यांचे भावही बघून ठेवले. अण्णांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामदा एकादशी, पंचवटीत रामरथ आणि गरुडरथाची मिरवणूक. वाहतूक वळवलेली, गाडी काढण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी शेजारचे काका रथाचा प्रसाद द्यायला आले. त्यांची रिक्षा-टेंपोची लाइन, त्यामुळे त्यांना गॅरेजवाले पाठ. म्हणाले, "वडाळा नाक्याला चाचा आहेत, त्यांच्याकडे जा. फक्त शुक्रवारी दुपारी जाऊ नको, जुम्मा असतो. आणि सकाळी दहाच्या आत पोच. गाडी थंड असताना बघायला आवडतं त्यांना."

गुरुवारी १० एप्रिलला महावीर जयंतीची सुट्टी होती. पावणेदहाला पोचले. पत्र्याची शेड, एक लाकडी बाक, भिंतीला लटकवलेल्या जुन्या कॉइल्स. चाचांचं वय साठीच्या पुढे. मी एस्टिमेटचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला, आणि विचारलं, "ताई, गाडी गॅस पीती क्या?"

"नाही."

"मग कुठे गेला, ते आधी बघू."

पुढचे दोन तास मी त्या बाकावर बसून पाहिलं. माझ्या पूर्ण प्रकरणात शिकण्यासारखं होतं ते इथेच.

आधी त्यांनी काहीच खोललं नाही. ब्लोअर चारही स्पीडला फिरवून पाहिला. हीटरकडे जाणारी रबरी नळी चिमट्याने दाबली, गरम पाणी आत शिरून थंडावा मारत नाही ना, ते बघायला. मग मला एसीचं बटण दाबायला सांगितलं आणि स्वतः कान देऊन उभे राहिले. मॅग्नेट क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला फिरत्या पुलीशी जोडणारा चुंबकी भाग, बसताना 'टक्' असा आवाज यायला हवा. आला नाही. मग गॅसचा दाब मोजणारे गेज लावले, निळा आणि लाल. इंजिन बंद असताना दोन्ही काटे एकाच आकड्यावर असतात. बाहेर चौतीस अंश असतील तर तो आकडा शंभर पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) वर हवा. आमचा चाळीस. गॅस इतका कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, कारण गॅसबरोबरच वंगणाचं तेल फिरत असतं. काही लोक इथे तार जोडून कॉम्प्रेसर डायरेक्ट चालू करतात. "मग खरंच कॉम्प्रेसर बदलावा लागतो," चाचा म्हणाले आणि माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

उरलेला गॅस त्यांनी व्हॉल्व्ह दाबून सोडून दिला. हे मला टोचलं. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तो परत गोळा करायचं यंत्र असतं, त्यांच्याकडे नव्हतं. आधीच्या दोन ठिकाणीही मला दिसलं नव्हतं.

मग नायट्रोजन. सिलिंडर लावून दीडशे पीएसआयपर्यंत दाब भरला आणि निरम्याचा फेस ब्रशने सगळ्या जोडांवर लावला. कॉम्प्रेसरजवळच्या एका जोडावर मोहरीएवढे बारीक बुडबुडे. "वायसर गेलाय." मग खाली वाकून बॅटरी मारली आणि मला बोलावलं. बंपरच्या जाळीतून कंडेन्सरचा खालचा कोपरा दिसत होता. तिथे धुळीचा एक काळा, तेलकट डाग. फेस लावल्याबरोबर तिथे कबुतराच्या अंड्याएवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

तो डाग माझ्या गाडीवर कधीपासून होता कोण जाणे. गॅस बाहेर पडताना तेल सोबत घेऊन येतो, तेलावर धूळ बसते. कंडेन्सर सगळ्यात पुढे, खडी-चिखल-पाणी सगळं तोच झेलतो, त्यामुळे जुन्या गाडीत पहिला संशय तिथेच घ्यायचा. तुमचीही गाडी जुनी असेल तर गॅस भरायला जाण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून बंपरच्या जाळीतून एकदा बघाच. याला काही पैसे पडत नाहीत.

दाब तसाच ठेवून मी डॅशबोर्डखाली कान लावला, चाचांनी कॉइलच्या निचऱ्याच्या नळीपाशी फेस लावला. काही नाही. कूलिंग कॉइल ठणठणीत होती.

कंडेन्सर मी स्वतः आणला, द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून. चाचांनी कागदावर लिहून दिलं होतं आणि वर बजावलं होतं, "बिना नावाचा आणू नका." तसा २,१०० ला मिळत होता. मी ३,४०० चा घेतला, जीएसटी बिलासकट, ड्रायर त्यातच बसवलेला. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणारी बाटली. सिस्टिम खोलली की ती बदलायचीच, कारण ओलावा राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो आणि आतून गंज चढतो.

शनिवारी १२ तारखेला बसवणं. बंपर उतरवला, कंडेन्सर बदलला, सगळे वायसर नवे. परत नायट्रोजन, अर्धा तास काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास. तो पंप चालू असताना चाचांनी चहा मागवला, तेव्हा मला उलगडलं की पहिल्या दुकानात पंचवीस मिनिटांत सगळं उरकलं म्हणजे व्हॅक्यूम झालंच नव्हतं. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ते ओढून घेतो. त्याला वेळ लागतो, घाई चालत नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं वजन लिहिलेलं असतं, आमचं ३५० ग्रॅम. चाचांनी डबा किराणा दुकानातल्यासारख्या काट्यावर ठेवून मोजून भरला. डबा ४५० ग्रॅमचा असतो. पहिल्या दुकानात अख्खा रिकामा केला होता, आणि मी "वा, पूर्ण भरला" म्हणून खूश झाले होते. जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो.

त्या दिवसाचा हिशेब: कंडेन्सर ३,४००, वायसर १५०, नायट्रोजन-व्हॅक्यूम-तेल-गॅस १,९००, मजुरी १,२००. एकूण ६,६५०. वाटेत २५० रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घेतला, स्वयंपाकघरात वापरतात तसला सळईवाला. मधल्या झडपेत खोचला: बाहेर ३७, आत ९. हे यंत्र अगदी घ्याच. "थोडं कमी गार वाटतंय" म्हटलं की मेकॅनिक मान हलवतो. "काल ९ होतं, आज १७ आहे" म्हटलं की बॉनेट उघडतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

१६ तारखेच्या बुधवारी मुंबई नाक्याला वाहतूक तुंबली आणि आकडा ९ वरून २२ वर गेला. गाडी पळायला लागली की पुन्हा १०. पोटात गोळा आला, परत लीकेज? फोनवर चाचा म्हणाले, घरी जा, एसी लावा आणि समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. पंखा चालू असेल तर कागद चिकटून राहतो. माझा कागद गळून पडला. कंडेन्सरचा पंखा बंद होता. पळत्या गाडीत वाऱ्यानेच काम भागायचं, म्हणून लक्षात आलं नव्हतं, आणि तपासणीच्या दिवशी नेमका फिरला होता. द्वारका चौकातला तो पहिला कोमट वारा म्हणजे हाच, असं आता वाटतं. दोन दुखणी एकमेकांच्या आड लपलेली होती. शनिवारी १९ ला मोटर काढली. आतले कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणाऱ्या कांड्या, झिजलेले. नवी मोटर न घेता रिवाइंडिंगवाल्याकडून कार्बन बदलून आणले, ४५० रुपये.

तिसरं दुखणं खरं चमत्कारिक निघालं. २२ पासून एसी पस्तीस-चाळीस मिनिटं छान चालायचा आणि एकदम बंद पडायचा. पंखा चालू, वारा गरम. गाडी अर्धा तास सावलीत लावली की जणू काही झालंच नाही. चाचांकडे नेली तेव्हा थंड गाडीत अर्थातच सगळं व्यवस्थित. अशा वेळी आपल्यालाच वेड्यात काढतील की काय असं वाटतं. मग मी वही घातली. पाच फेऱ्यांची नोंद: किती मिनिटांनी बंद पडला, बाहेर किती तापमान, बंद होताना 'टक्' ऐकू आलं का, बटण बंद-चालू केल्यावर परत आलं का. त्यातली एक फेरी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवायला गेले तेव्हाची. ७४५ अधिक जीएसटी भरून घेतलेली वेळ चुकवायची नाही म्हणून भर दुपारी रांगेत, गरम वाऱ्यात. वही बघितल्यावर दिसलं की गाडी किती तापली त्यावर सगळं अवलंबून आहे, गॅसचा संबंध नाही.

२६ एप्रिलला चाचांना वही दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, "आता गाडी तापवून आणा." मी पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आले. येताना एसी गेलाच. इंजिन चालूच ठेवून त्यांनी क्लचच्या तारेला मीटर लावला. बारा व्होल्टच्या वर दाखवत होता, म्हणजे वीज पोचतेय, पण मॅग्नेट प्लेटला ओढत नाही. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने प्लेट नुसती टेकवली. टक्! एसी सुरू. (हे घरी करू नका. तिथे पट्टा फिरत असतो, ओढणी-बाही गेली तर हात जातो. मला त्यांनी चार फूट लांब उभं केलं होतं.)

कारण इतकं साधं की हसू आलं. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यात बारीक फट असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पंधरा वर्षं घासून ती वाढली होती, पट्ट्यांच्या गेजने मोजली तर ०.९ निघाली. मॅग्नेटची कॉइल थंड असताना मॅग्नेट जोरात असतो, तेवढ्या अंतरावरूनही ओढतो. तापली की तारेचा रोध वाढतो, मॅग्नेट कमजोर पडतो आणि प्लेट पोचत नाही. प्लेटमागे चकतीसारखा शिम असतो. अर्धा मिलिमीटरचा एक शिम काढून टाकला. फट ०.४ वर आली. वीस मिनिटं, ३०० रुपये.

ज्या कॉम्प्रेसरसाठी साडेचौदा हजार सांगितले होते, तो हाच. काढलेला शिम मी मागून घेतला, आरसीच्या फोल्डरमध्ये एस्टिमेटच्या कागदाला टाचणीने लावून ठेवलाय.

सगळे मिळून १०,१२० रुपये गेले. त्यातले पहिल्या दुकानाचे १६०० आणि तपासणीचे ५९० पाण्यात. बिलं मात्र पहिलं सोडून सगळी आहेत, अगदी रिवाइंडिंगवाल्याने सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिलेलंसुद्धा.

अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, बुधवारची फिजिओथेरपी उरकून येताना मुंबई नाक्याला तसेच वीस मिनिटं अडकलो. थर्मामीटर ११ वर. अण्णा झोपले होते. आणि मग मे महिन्यात अवकाळी पावसाने असा काही जोर धरला की एसी लावायची वेळच येईना. लोक म्हणाले, पैसे वाया गेले. पण पावसात काच आतून धुरकटते तेव्हा एसीच लागतो. हवेतला दमटपणा कॉइलवर पाणी होऊन खाली ठिबकतो आणि काच अर्ध्या मिनिटात स्वच्छ होते. गाडीखाली ते पाणी दिसलं तर घाबरू नका. तेलकट नसेल तर ते चांगलंच.

चाचांनी एक पथ्य सांगितलंय. पावसाळा असो की थंडी, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा, म्हणजे तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही. ते काम अण्णांनी मागून घेतलं. रविवारी सकाळी सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मी इंजिन चालू करून देते. ते पुढच्या सीटवर शाल पांघरून बसतात, डाव्या हाताने थर्मामीटर खोचतात आणि दहा मिनिटांनी काचेवर टकटक करून मला आकडा सांगतात. वहीत तो मी लिहिते. गेल्या रविवारी ८ होता.